नगरचा नट, मुंबईचा खलनायक: सदाशिव अमरापूरकर यांची कारकीर्द इतिहास म्हणून कशी वाचायची?

"इतिहासात पीएचडी करतोस, मग नटांच्या मागे कशाला लागलास?" हा प्रश्न मला कड्यात, आष्टीत आणि विद्यापीठातही सारखाच विचारला जातो. इतिहास म्हणजे राजे, लढाया, फार तर शेतसारा, असं आपल्या डोक्यात शाळेपासून बसलेलं असतं. म्हणून आजच्या लेखात थेट एका नटाची कारकीर्द घेऊन दाखवतो, तिच्यातून इतिहासाचं काय काय हाती लागतं ते. नट तुम्हाला माहीत आहे. निदान त्याचा चेहरा आणि आवाज तरी नक्की माहीत आहे. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी, 'सडक'मधली महाराणी, 'आंखें'मधला तो भंबेरी उडालेला इन्स्पेक्टर. सदाशिव अमरापूरकर.

नाटक, सिनेमा आणि टीव्ही या तिन्ही ठिकाणी काम केलेला नट म्हटलं की आपण त्याचा प्रवास जिन्यासारखा सांगतो. आधी नाटक, मग मराठी सिनेमा, मग हिंदी सिनेमा. खालून वर. माझं म्हणणं असं आहे की अमरापूरकरांच्या बाबतीत हा जिना आपल्याला चुकीचं चित्र दाखवतो. का, ते पुढे बघू. आधी नकाशा बघू.

कडा कुठे आहे?

कड्याच्या वाचकांना हा प्रश्न विचित्र वाटेल, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं बाजाराचं गाव. कागदावर मराठवाडा. पण दवाखाना, कॉलेज, कांद्याची गाडी, लग्नाचा बस्ता, सगळं नगरला. बीड लांब पडतं, नगर जवळ. २०२२च्या सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळालं, तेव्हाही गाडी आधी नगरकडेच जायला लागली. बीडपर्यंत रूळ पोचायला आणखी तीन वर्षं लागली.

आता जरा मागे जा. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत कडा निजामाच्या राज्यात आणि नगर मुंबई इलाख्यात. म्हणजे काही कोसांवर दोन वेगळी राज्यं. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, सीमा पुसली गेली. निदान आपण तसं समजतो. पण सिनेमाच्या धंद्याने ती पुसलीच नाही. हिंदी सिनेमाचे वितरक देश 'टेरिटरी'मध्ये वाटून घेतात. त्यात एका टेरिटरीचं नाव आजही 'निजाम' असंच आहे. तेलंगण, कर्नाटकातला बिदर-गुलबर्ग्याचा पट्टा आणि मराठवाडा हे सगळं तिच्यात येतं. नगर मात्र 'बॉम्बे' टेरिटरीत. म्हणजे निजाम गेला, संस्थान गेलं, तरी सिनेमाच्या पेट्या कोणत्या वितरकाकडून यायच्या हे ठरवताना जुनी हद्दच धरली जात होती.

हे मी का सांगतोय? तर नगरचा एखादा नट मोठा झाला की तो 'नगर जिल्ह्याचा' म्हणून नोंदला जातो, आणि मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासात त्याचा उल्लेख येत नाही. कागदावर ते बरोबर आहे. पण कडा, आष्टी, धानोरा या पट्ट्यातल्या माणसांचं नाटक-सिनेमाचं शहर कायम नगरच होतं. अमरापूरकरांच्या आडनावातलं अमरापूर हे गाव शेवगाव तालुक्यात. आष्टी तालुका ओलांडला की पाथर्डी, आणि पाथर्डीला लागून शेवगाव. तेव्हा जिल्ह्याची रेघ बाजूला ठेवली तर हा नट आपल्याच मुलखातला.

गणेशकुमार ते सदाशिव

११ मे १९५० हा त्यांचा जन्मदिवस. मूळ नाव गणेशकुमार नरवोडे. 'सदाशिव अमरापूरकर' हे रंगभूमीवर येताना घेतलेलं नाव. घरच्यांसाठी आणि जवळच्यांसाठी ते 'तात्या'. बालपण नगरमध्ये गेलं आणि पुढे त्यांनी पुणे विद्यापीठातून एम.ए. केलं. विषय कोणता? इतिहास. हे वाचून मला व्यक्तिशः किती बरं वाटलं असेल याची तुम्ही कल्पना करू शकता. पण हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा तपशील नाही. पुढे येईलच.

त्या काळचं नगर नाटकाच्या बाबतीत कोरडं नव्हतं. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात कृष्णाच्या भूमिकांनी गाजलेले आणि 'माणूस'मधला पोलीस गणपत साकारणारे शाहू मोडक नगरचेच. मधुकर तोरडमल अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'सारखं नाटक त्यांच्या हातून आलं. म्हणजे मुंबई-पुण्याबाहेर राहूनही नाटक करता येतं, याची उदाहरणं गावात डोळ्यांसमोर होती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १९५०च्या दशकात सरकारने राज्य नाट्यस्पर्धा सुरू केली. तिची रचना साधी होती. जिल्ह्याच्या गावांत केंद्रं, तिथे प्राथमिक फेरी, निवडलेली नाटकं अंतिम फेरीला. पण या साध्या रचनेमुळे काय झालं बघा. बँकेतले कारकून, शाळामास्तर, एसटीतले, वीज मंडळातले लोक संध्याकाळी सहा-साडेसहानंतर एखाद्या शाळेच्या वर्गात तालमी करायला लागले, कारण नाटक बसवायला एक तारीख मिळाली, परीक्षक मिळाले आणि थोडाफार खर्चही सुटायला लागला. कॉलेजच्या पोरांसाठी पुण्यात १९६३पासून पुरुषोत्तम करंडक होता. कंपनी काढून पोट भरणारी नाटकमंडळी हा एक काळ होता. तो संपल्यावर नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्यांचा हा दुसरा काळ. १९७०-८०च्या दशकांत मराठी पडद्यावर आणि रंगमंचावर आलेले कितीतरी नट या दुसऱ्या काळातून घडलेले आहेत. अमरापूरकर त्याच पिढीचे.

या हौशी रंगभूमीने नटाला एक सवय लावली, ती ध्यानात ठेवा. स्पर्धेचं नाटक दरवर्षी वेगळं. यंदा म्हातारा, पुढच्या वर्षी पोलीस, त्याच्या पुढच्या वर्षी संत. एकाच साच्यात अडकायला वावच नाही. आणि हाच माणूस पुढे अशा धंद्यात गेला, जिथे साचा हीच नटाची किंमत असते.

टिळकही, फुलेही

१९७९ साली जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा मराठी चित्रपट आला. पुण्यातल्या प्लेगच्या काळात चापेकर बंधूंनी रँडला मारलं, त्याची ही गोष्ट. त्यात अमरापूरकर लोकमान्य टिळक झाले.

पुढे १९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही मालिका सुरू झाली. नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'वर आधारलेली, ५३ भागांची. तिच्यात महात्मा फुल्यांवरच्या भागात जोतीराव झाले ते अमरापूरकरच.

जरा थांबून विचार करा. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या इतिहासात टिळक आणि फुले ही दोन टोकं मानली जातात. एकाचा भर परक्या सत्तेविरुद्धच्या राजकारणावर, दुसऱ्याचा भर आपल्याच समाजातल्या गुलामगिरीवर. आजही आपल्याकडे या दोघांपैकी कुणाला पुढे ठेवायचं यावर सभा गाजतात. इतिहासाचं एम.ए. केलेला एक नट दहा वर्षांच्या आत दोघांच्याही जागी उभा राहतो. त्याला दोघांचंही बोलणं आपल्या तोंडी खरं करून दाखवावं लागतं.

आणि माध्यम बघा. टिळक झाले ते एका छोट्या, प्रायोगिक मराठी सिनेमात. तो शहरांतल्या मोजक्या प्रेक्षकांनी पाहिला. फुले झाले ते दूरदर्शनवर. तेव्हा दुसरं चॅनलच नव्हतं. गावात ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओसरीवर सगळी आळी जमायची. 'रामायण'साठी जमलेल्या गर्दीएवढी गर्दी 'भारत एक खोज'ला होत नसे, हे मान्य. पण शाळेच्या पुस्तकात चार ओळींत आटोपलेले फुले चालते-बोलते दिसण्याची ही अनेक घरांतली पहिली वेळ असणार. टीव्ही म्हणजे सिनेमातून ओसरलेल्या नटांची सोय, हे समीकरण नंतरच्या काळातलं. १९८८ साली दूरदर्शन हे नटाला सिनेमापेक्षा गंभीर काम देणारं ठिकाण होतं, आणि अमरापूरकर तेव्हा हिंदी सिनेमात खलनायक म्हणून जोरात होते. जिना इथेच डगमगायला लागतो.

१९८३

आता त्यांच्या कारकिर्दीतल्या सर्वात महत्त्वाच्या वर्षाकडे येऊ.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'हँड्स अप' हे नाटक व्यावसायिक रंगभूमीवर जोरात चाललं होतं. अविनाश मसुरेकर, भक्ती बर्वे आणि अमरापूरकर. गोविंद निहलानी यांनी त्यांना या नाटकात पाहिलं आणि 'अर्धसत्य'मधल्या रामा शेट्टीसाठी निवडलं.

'अर्धसत्य' १९८३चा. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, 'सूर्य' नावाची. पटकथा विजय तेंडुलकरांची. सिनेमाला नाव दिलं ते दिलीप चित्र्यांच्या कवितेने. म्हणजे भाषा हिंदी असली तरी सिनेमाची हाडं मराठी आहेत. ओम पुरीचा सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर कायद्याने वागायला बघतो आणि प्रत्येक वळणावर त्याला कळतं की कायदा त्याच्या हातात नाहीच. तो ज्याच्या हातात आहे, तो रामा शेट्टी.

हा सिनेमा पुन्हा पाहिलात तर घड्याळ लावून बघा. रामा शेट्टी पडद्यावर किती कमी वेळ आहे! मोजके प्रसंग. आणि त्यातही तो बहुतेक वेळ बसलेला. त्या काळच्या खलनायकाची आठवण काढा. 'शोले'चा गब्बर खडकांवर येरझाऱ्या घालतो, 'मिस्टर इंडिया'चा मोगॅम्बो सिंहासनावरून गरजतो. रामा शेट्टी ओरडत नाही. वेलणकर त्याला पकडायला दारात उभा असतो तेव्हाही त्याला उठायची गरज वाटत नाही, कारण एक फोन पुरतो. अमरापूरकरांनी ही माणसाची निवांतपणाची भीती दाखवली. पोलीस, नगरपालिका, निवडणूक सगळं आपल्याच ओळखीतलं असल्यावर माणूस जसा बसतो, तसा तो बसतो. तालुक्याच्या गावात वाढलेल्या कुणालाही हे बसणं ओळखता येतं. पंचायत समितीच्या आवारात, बाजार समितीच्या ओट्यावर आपण असं बसलेलं कुणीतरी पाहिलेलंच असतं.

या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू. १९८३ सालीच तेंडुलकरांचं 'कन्यादान' रंगभूमीवर आलं आणि त्याचं दिग्दर्शन केलं होतं अमरापूरकरांनी. नाथ देवळालीकर हा समाजवादी पुढारी. त्याची मुलगी ज्योती एका दलित कवीशी लग्न करते. जात मोडणारं लग्न म्हणून बापाला आनंद होतो, आणि मग त्या लग्नातली मारहाण समोर येते. या नाटकावर तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो. दलित तरुणाचं असं चित्र काढणं हा अन्याय आहे, असं अनेक दलित लेखक-कार्यकर्त्यांचं म्हणणं. उलट बाजू म्हणते, नाटकाचा निशाणा नाथच्या भाबड्या आदर्शवादावर आहे. याच नाटकासाठी पुढे तेंडुलकरांना सरस्वती सन्मान मिळाला.

माझं म्हणणं इतकंच: एकाच वर्षी, एकाच लेखकाचं लिखाण घेऊन, हा माणूस हिंदी पडद्यावर खलनायक होतो आणि मराठी रंगमंचावर वादग्रस्त नाटकाचा दिग्दर्शक होतो. आपल्या आठवणीत राहिला तो फक्त रामा शेट्टी. कारण सिनेमाची प्रत टिकते आणि नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपतो. इतिहास लिहिणाऱ्याला सारखी सतावणारी अडचण ती हीच. जे टिकलं तेच मोठं होतं, असं आपण नकळत धरून चालतो.

साच्याचा बाजार

'अर्धसत्य'नंतर हिंदी सिनेमाने त्यांना काय दिलं? खलनायकाच्या भूमिकांची रांग. 'आखरी रास्ता', 'तेरी मेहरबानियां', 'हुकूमत', 'एलान-ए-जंग', 'फरिश्ते'. १९८७च्या 'हुकूमत'मध्ये धर्मेंद्रसमोर ते डीबीएन नावाचा खलनायक होते, आणि तो सिनेमा त्या वर्षीच्या मोठ्या हिटपैकी एक ठरला.

"चांगल्या नटाला बॉलिवूडने वाया घालवलं," असं म्हणून आपण इथे उसासा टाकतो. मला हा उसासा पुरेसा वाटत नाही. १९८०च्या दशकातला धंदा कसा चालायचा ते बघायला हवं. घरोघरी नाही, पण गल्लोगल्ली व्हिडिओ पोचला होता आणि शहरातला पांढरपेशा प्रेक्षक थिएटरकडे कमी फिरकत होता. निर्मात्यांची मदार ठरली ती छोट्या गावांतल्या थिएटरवर आणि मारामारीच्या सिनेमांवर. बहुतेक पैसा वितरकांच्या आगाऊ रकमेतून यायचा. आता 'निजाम' किंवा 'सीपी बेरार' टेरिटरीच्या वितरकाने सिनेमा बनायच्या आधी पैसे मोजायचे तर कशाच्या भरवशावर? नावांच्या. नायक कोण, नायिका कोण, खलनायक कोण. पडद्यावर दिसताक्षणी प्रेक्षकाला 'हा वाईट माणूस' हे कळलं पाहिजे, म्हणजे अर्धं काम झालं. मग नटाने एकदा जे करून दाखवलं तेच पुन्हा मागितलं जातं, थोड्या वाढीव मापात. रामा शेट्टीचा निवांतपणा या मापात बसणारा नव्हता. म्हणून तो गेला आणि चढा आवाज, विचित्र लकबी, भडक कपडे आले.

तरीही अमरापूरकरांनी या साच्यात एक गोष्ट आणली, ती म्हणजे बोली. त्यांच्या हिंदीला मराठी वळण होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. उर्दूच्या वजनाने बोलणाऱ्या खलनायकांच्या रांगेत हा वेगळाच सूर होता. मुंबईतला दादा, नगरसेवक, दलाल असा बोलतो, हे प्रेक्षकाला पटायचं.

१९९१च्या महेश भट्टांच्या 'सडक'मध्ये ते महाराणी झाले. कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी व्यक्तिरेखा. खलनायकी भूमिकेसाठी फिल्मफेअरने वेगळा पुरस्कार सुरू केला तेव्हा तो पहिला पुरस्कार याच भूमिकेला मिळाला. अभिनय म्हणून ती भूमिका थरकाप उडवते, यात वाद नाही. पण आज इतिहास लिहिताना दुसरंही लिहावं लागतं. हिंदी सिनेमात तृतीयपंथी माणूस बहुतेक वेळा एकतर चेष्टेचा विषय झाला, नाहीतर भीतीचा. महाराणीने ती भीती लाखो लोकांच्या मनात पक्की केली. नटाचं कौशल्य जितकं मोठं, तितका हा परिणामही मोठा. कौतुक आणि हा हिशेब एकाच पानावर मांडता यायला हवा, नाहीतर आपण चरित्र न लिहिता आरती लिहितो.

खलनायक हसायला लागतो

१९९३ साली डेव्हिड धवनचा 'आंखें' आला. त्यात अमरापूरकरांचा इन्स्पेक्टर प्यारे मोहन लोकांना हसवून गेला. 'कुली नं. १'मध्ये ते शादीराम घरजोडे नावाचे लग्नं जुळवणारे झाले, 'इश्क'मध्ये पैशाचा माज असलेला बाप. ज्या चेहऱ्याला पाहून दहा वर्षं लोक घाबरले, त्याच चेहऱ्यावर आता लोक खदखदून हसत होते.

हा बदल नुसता नटाच्या आवडीनिवडीचा नव्हता. १९९१नंतर अर्थव्यवस्था बदलली, केबल आली, आणि १९९४च्या 'हम आपके हैं कौन'ने दाखवून दिलं की खलनायकाशिवाय तीन तासांचा सिनेमा तुफान चालतो. डोंगरातला अड्डा, स्मगलर, भ्रष्ट शेठ यांची मागणी घटली. या वळणावर त्या पिढीतल्या बऱ्याच खलनायकांचं काम आटलं. ज्यांना विनोद जमत होता ते टिकले. आणि विनोद कुणाला जमत होता? ज्यांनी दरवर्षी वेगळं नाटक बसवायची सवय लावून घेतली होती त्यांना. नगरच्या हौशी रंगभूमीचं व्याज असं वीस वर्षांनी मिळालं, असं मी म्हणेन.

मराठीत परत आले तेव्हा त्यांनी वेगळी कामं निवडली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'वास्तुपुरुष' हा त्यातला महत्त्वाचा. जमीन गेलेल्या, मोडकळीला आलेल्या वाड्याची ही गोष्ट हिंदीत कुणी त्यांच्याकडे घेऊन आलं नसतं.

जिना की विहीर?

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. नाटक खाली, हिंदी सिनेमा वर, हा जिना का चुकतो?

तारखा शेजारी शेजारी ठेवा. १९८३: 'अर्धसत्य' आणि 'कन्यादान'. १९८७-८८: 'हुकूमत' आणि 'भारत एक खोज'. म्हणजे ते एक पायरी सोडून दुसरीवर चढत नव्हते. एकाच वेळी तिन्हीकडे होते. मला ही रचना विहिरीच्या पाण्यासारखी वाटते. हिंदी सिनेमा हे पाणी देणारं ठिकाण, आणि ते पाणी जायचं दुसऱ्याच वावरात.

कुठल्या वावरात? डॉ. श्रीराम लागू, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा मंडळींनी पुढाकार घेऊन सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. घरदार विसरून चळवळीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडंफार मानधन मिळावं, हा हेतू. पैसा उभा करायला नामवंत कलाकारांनी आचार्य अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' गावोगाव केलं. लागू, निळू फुले, तनुजा, रोहिणी हट्टंगडी आणि अमरापूरकर. लोक तिकीट काढायचे ते सिनेमातले चेहरे प्रत्यक्ष बघायला. म्हणजे मारामारीच्या हिंदी सिनेमाने मिळवून दिलेली ओळख इथे चळवळीसाठी वापरली गेली. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम असो की नगरमधलं 'स्नेहालय', या कामांशी त्यांचं नाव जोडलेलं राहिलं. खलनायकाचा साचा त्यांना नट म्हणून छोटा करत होता, पण त्याच साच्याने त्यांना हे बळ दिलं. दोन्ही खरं आहे.

आणि मग २०१३ची धुळवड.

त्या वर्षीचा दुष्काळ आष्टी तालुक्यातल्या कुणाला सांगायची गरज नाही. टँकरची वाट, दावणीची जनावरं छावणीत, छावणीतच मुक्काम टाकलेली म्हातारी माणसं. बाहेरचे म्हणत होते, १९७२नंतरचा सर्वात मोठा दुष्काळ. त्याच मार्चमध्ये मुंबईत, अमरापूरकरांच्या घराजवळ, धुळवडीचा 'रेन डान्स' चालला होता. टँकर लावून पाणी उडवणं सुरू होतं. वयाच्या त्रेसष्टीकडे झुकलेला हा माणूस खाली गेला आणि राज्यात दुष्काळ आहे, पाणी वाया घालवू नका, असं सांगायला लागला. जमलेल्यांनी त्यांना धक्काबुक्की केली.

बातमी आली, चार दिवस चर्चा झाली, विसरली गेली. कारकिर्दीच्या यादीत ही नोंद कुठेच नसते, कारण ती भूमिका नव्हती. पण मी माझ्या प्रबंधात तिला जागा देतोय. तीन दशकं पडद्यावर दांडगाई करणारा माणूस खऱ्या दांडगाईसमोर एकटा उभा राहिला, आणि तोही अशा पाण्यासाठी जे त्याच्या नळाला बारा महिने येत होतं. नगर-आष्टी-पाथर्डीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला टँकर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबईतल्या त्या गर्दीला टँकर म्हणजे गंमत होती. एकाच वस्तूचे हे दोन अर्थ त्या दिवशी समोरासमोर आले.

शेवटचं काम आणि एक विनंती

त्याच वर्षी 'बॉम्बे टॉकीज' आला. चार दिग्दर्शकांच्या चार गोष्टी. दिबाकर बॅनर्जींची गोष्ट सत्यजित राय यांच्या एका कथेवरून घेतलेली. नवाझुद्दीन सिद्दिकी फसलेल्या नटाच्या भूमिकेत. त्याला सिनेमाच्या शूटिंगमध्ये अगदी किरकोळ काम मिळतं. आणि तेव्हा त्याच्या समोर प्रकट होतो त्याचा जुना, मेलेला नाटकातला गुरू. तो त्याला टोमणे मारतो, सुनावतो, आणि एवढ्याशा कामातही नटाने काय करायचं असतं याची आठवण करून देतो. हा गुरू झाले अमरापूरकर. तीस वर्षांपूर्वी नाटकातून उचलून हिंदी सिनेमाने त्यांना नेलं होतं. शेवटी शेवटी त्याच सिनेमाने त्यांना नाटकाचं भूत म्हणून उभं केलं. ही त्यांच्या शेवटच्या हिंदी कामांपैकी एक भूमिका.

३ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार नगरला झाले.

आता तुमच्याकडून मला काय हवंय ते सांगतो. सिनेमांचा इतिहास लिहायला सिनेमे आहेत. नाटकांचा इतिहास लिहायला मात्र कागद लागतात, आणि ते सरकारी दप्तरात कमी, लोकांच्या माळ्यावर जास्त असतात. राज्य नाट्यस्पर्धेच्या स्मरणिका, गणेशोत्सवातल्या नाटकांची हँडबिलं, प्रवेशपत्रिका, पडद्यामागे काढलेले फोटो, खर्चाच्या वह्या, जत्रेत आलेल्या टुरिंग टॉकीजचं तिकीट. कडा, आष्टी, धानोरा, पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कुठलंही गाव असो. दिवाळीच्या साफसफाईत असं काही निघालं तर रद्दीत घालण्याआधी त्याचा मोबाइलवर एक फोटो काढा. मागच्या बाजूलाही काही लिहिलंय का ते बघा. तारीख, गाव आणि कुणी काय काम केलं, एवढं टिपून ठेवा. बक्षीस मिळालं नाही अशा नाटकांचे कागद तर अजिबात टाकू नका. बक्षीस मिळालेल्यांची नोंद कुठे ना कुठे सापडते, हरलेल्यांची नोंद फक्त तुमच्या घरात असते.

पुढच्या लेखात 'निजाम' टेरिटरीबद्दल सविस्तर लिहीन. मराठवाड्यात सिनेमाच्या पेट्या कुठून कशा यायच्या, आणि त्यामुळे आपण काय पाहिलं आणि काय पाहायचं राहून गेलं, याबद्दल.